आई-आत्यासाठी मराठी सबटायटल्स: फारसे न पाहिलेले सात विनोदी सिनेमे, कामाच्या नोंदी

४ मे

काम आजपासून सुरू. आई आणि आत्या दोघींना इंग्रजी वाचता येतं, पण पडद्यावर पळणारी ओळ गाठता येत नाही. अर्धं वाक्य वाचून होतं तोवर ते पुसलं जातं आणि पुढचं येतं. रहस्यपटात एखादी ओळ हुकली तर चालून जातं, विनोदात त्या एका ओळीवरच सगळं अवलंबून असतं. दोघी शेजारी बसून मला हसताना बघतात आणि विचारतात, "काय म्हणाला रे तो?" मी सांगेपर्यंत पडद्यावर दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं.

म्हणून मराठी सबटायटल्स स्वतःच करायची. सिनेमे हलकेफुलके, माझ्या आवडीचे आणि ओळखीपाळखीत फार कुणी न पाहिलेले. अट एकच: कुणाला तरी खाली पाडून हसवणारे नकोत. डिस्क माझ्याकडे आहेत, त्यांवरची इंग्रजी सबटायटल्स आधाराला घेणार. वापर घरापुरताच.

सुरुवात 'द कॅसल'ने (१९९७). ऑस्ट्रेलियन सिनेमा, दिग्दर्शक रॉब सिच, चित्रीकरण अवघ्या ११ दिवसांत झालेलं. विमानतळाला खेटून असलेलं घर, डोक्यावरून विजेच्या तारा, आणि डॅरिल केरिगन या गृहस्थाला हे जगातलं सर्वांत सुंदर घर वाटतं. विमानतळ वाढवण्यासाठी घर ताब्यात घ्यायची नोटीस येते आणि तो लढायला उभा राहतो. सिनेमा जेमतेम दीड तासाचा, म्हणून आधी घेतला. लांबीवरून कामाचा अंदाज बांधला, ही पहिली चूक. या घरात सगळे सतत बोलतात. पहिल्या दहा मिनिटांना पाच तास लागले.

७ मे

आज एक अख्खी संध्याकाळ एका संबोधनात गेली. डॅरिलची बायको सॅल. तिच्या तोंडी मी "अहो" घातलं होतं. वाचताना गोड वाटलं, पण पडद्यावर सॅल बोलू लागली आणि ती दुसरीच बाई झाली. या नवरा-बायकोत धाक नाही, अंतर नाही. तो तिच्या प्रत्येक पदार्थाचं, तिने बनवलेल्या प्रत्येक वस्तूचं मनापासून कौतुक करतो आणि ती लाजते. "अहो"मुळे ते कौतुक वरून खाली आल्यासारखं वाटायला लागलं. सगळीकडे "तू" केलं, नावाने हाक ठेवली. मुलं मात्र बापाला "तुम्ही" म्हणणार की "तू", यावर बराच वेळ घातला. शेवटी "तू". त्या घरात "तुम्ही" शोभत नाही.

इंग्रजीत एका शब्दात भागतं तिथे मराठीत नातं ठरवावं लागतं. हे काम करणाऱ्याने आधी पात्रांची जोडीवार यादी करावी: कोण कुणाला काय म्हणणार. मी ती तिसऱ्या दिवशी केली, त्यामुळे आधीच्या दोनशे ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या.

१२ मे

कोर्टातला प्रसंग. डॅरिलचा वकील डेनिस साधा, छोटीमोठी कामं करणारा. राज्यघटनेचं नेमकं कुठलं कलम मोडलं हे न्यायाधीश विचारतात आणि त्याला सांगता येत नाही. शेवटी तो एकूण घटनेतूनच जे काहीतरी जाणवतं, त्याच्यावर बोट ठेवतो. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द अगदी बोलीतला, कोर्टात न शोभणारा, आणि गंमत त्या न शोभण्यातच आहे.

माझे प्रयत्न: "स्पंदनं" (फार आध्यात्मिक), "भावना" (फार गंभीर), "वातावरण" (हवामानखातं आठवतं), "आशय" (हा तर चांगला वकील झाला). दोन दिवस डोक्यात तेच. रात्री आईला सहज विचारलं, एखादी गोष्ट चुकीची आहे हे कळतं पण का ते सांगता येत नाही, तेव्हा तू काय म्हणतेस? ती म्हणाली, "एकूण रागरंग." तोच ठेवला. घटनेचा एकूण रागरंग. पडद्यावर वकिलाच्या घामाघूम चेहऱ्याखाली तो शब्द आला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे काम जमणार आहे.

पुढे एक निवृत्त ज्येष्ठ वकील तीच गोष्ट कलम ५१(३१)चा आधार घेऊन उच्च न्यायालयात मांडतो: मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवर. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत हे कलम खरोखर आहे. म्हणजे डेनिसला कळलेलं होतं, फक्त आकडा माहीत नव्हता. यामुळेच मला हा सिनेमा इतका आवडतो. तो डेनिसला कधीही मूर्ख ठरवत नाही.

१६ मे

पहिला प्रयोग फसला. दिवे मालवले, दोघी बसल्या, आणि पडद्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत, सेव्ह झाली होती. देवनागरीसाठी यूटीएफ-८ लागतं. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची, पण ते शोधायला पाऊण तास गेला आणि तोवर आत्या झोपली होती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, ज्या यंत्रावर दाखवायचं त्याच यंत्रावर, पाच मिनिटं चालवून पाहावं. फॉन्टही तेव्हाच तपासावा. माझ्या टीव्हीवर जोडाक्षरं फुटून "स्त्री" हलन्तासकट वेगवेगळी दिसत होती, म्हणून पुढे लॅपटॉपच जोडला.

१७ मे

दुसरा प्रयोग. सिनेमा पूर्ण झाला, दोघी हसल्या, पण एका ठिकाणी चुकीच्या वेळी. मुलगा वर्तमानपत्रातली विक्रीची जाहिरात वाचतो, वस्तू सांगतो, किंमत सांगतो. डॅरिल क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, विकणारा स्वप्नात आहे म्हणावं. हे सिनेमाभर पुन्हा पुन्हा येतं. मी किंमत आणि उत्तर एकाच वेळी, वरखाली दोन ओळींत टाकलं होतं. आई उत्तर आधीच वाचून हसली, आणि डॅरिलने तोंड उघडलं तेव्हा खोलीत शांतता.

संपूर्ण फाइल परत उघडली. जिथे जिथे प्रश्न आणि पंच, म्हणजे हशा आणणारी ओळ, एकत्र होते तिथे ते तोडले. पंचाची ओळ पात्राचे ओठ हलतात त्याच फ्रेमला आणायची, अर्धा सेकंदही आधी नाही. गंभीर सिनेमात ओळ थोडी आधी आली तर वाचणाऱ्याला सोयीचं होतं. इथे सगळं जातं. या दुरुस्तीला सहा तास लागले आणि एकाही तासाचं वाईट वाटत नाही.

२३ मे

'जूर द फेत' (१९४९), जाक ताती. खेड्यातली जत्रा, सायकलवरचा पोस्टमन. संवाद फारच थोडे, म्हणून वाटलं दोन दिवसांत होईल. खरंच झालं.

रंगांची गोष्ट दोघींना आधी सांगितली. तातीने हा सिनेमा रंगीत करायला घेतला होता. नव्या रंगपद्धतीच्या प्रती निघूच शकल्या नाहीत, म्हणून शेजारी लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची कृष्णधवल आवृत्ती प्रदर्शित झाली. रंगीत प्रत १९९५ साली बाहेर आली, तातीच्या मुलीच्या प्रयत्नांतून, तो गेल्यावर. आमच्याकडे तीच आहे. फिक्या, धुतलेल्या कपड्यासारखे रंग.

माझी चूक: पोस्टमनच्या तोंडातल्या पुटपुटण्यालाही मी ओळी दिल्या. तातीचे लोक बोलतात तेव्हा शब्द महत्त्वाचे नसतात, तो एक आवाज असतो, कोंबड्यांच्या आवाजासारखा. ओळ दिसली की डोळे खाली जातात आणि वर जे चाललंय ते हुकतं. पोस्टमन धावत्या ट्रकच्या मागच्या फळीला धरून, सायकल चालवता चालवता त्या फळीचंच टेबल करून पत्रांवर शिक्के मारतो, तो प्रसंग मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा माझीच ओळ वाचली. निम्म्या ओळी पुसून टाकल्या. उरलेलं पुरेसं आहे. आत्याला यातली शेळी घेऊन फिरणारी, कमरेत वाकलेली, सगळ्यांबद्दल मतं असलेली म्हातारी सगळ्यांत आवडली. मलाही.

३० मे

'द फायरमेन्स बॉल' (१९६७), मिलोश फोरमन. यादीतून काढला.

सिनेमा उत्तम आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अग्निशमन दलाचा नृत्यसमारंभ, सोडतीतली बक्षिसं एकेक करून चोरीला जातात, ७३ मिनिटांत एक अख्खी व्यवस्था उघडी पडते. पण मी तो हलकाफुलका म्हणून घेतला, ही चूक माझी. म्हाताऱ्याचं घर जळत असतं, त्याला थंडी वाजते म्हणून त्याची खुर्ची आगीच्या आणखी जवळ सरकवतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इथे हसलो होतो. या वेळी ओळी लिहिता लिहिता तो म्हातारा वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करून पाहिला आणि हसू येईना. आईपुढे ठेवावासा वाटला नाही. ४०० ओळी, नऊ संध्याकाळी. फाइल ठेवून दिली आहे, वाया गेली असं मानत नाही, पण या यादीची ती नाही.

निवडताना आता एक वेगळी कसोटी लावतो: सिनेमातला सर्वांत दुबळा माणूस शेवटी कुठे असतो ते बघायचं.

६ जून

'पासपोर्ट टू पिम्लिको' (१९४९), लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा. बॉम्ब फुटून एक पुरलेला खजिना आणि जुनी सनद सापडते, आणि कळतं की हा मोहल्ला कायद्याने इंग्लंडचा नाहीच, तो बर्गंडीच्या सरदाराचा आहे. म्हणजे रेशनिंगचे नियम इथे लागू नाहीत. लोक शिधापत्रिका फाडतात.

इथे मी संदर्भ देण्याच्या नादात घसरलो. रेशनिंग का, बर्गंडी कुठे, सनद कुणाची, सगळं कंसात टाकत गेलो. एका ठिकाणी ओळ इतकी लांबली की ती सात सेकंद पडद्यावर ठेवावी लागली आणि तिच्याखाली दोन विनोद गाडले गेले. सगळे कंस काढले. त्याऐवजी सिनेमा लावण्याआधी तीन वाक्यं तोंडी सांगितली: युद्ध संपलंय, रेशनिंग संपलेलं नाही (ब्रिटनमध्ये ते १९५४पर्यंत चाललं), आणि लोक कंटाळलेत. बस. आत्या म्हणाली, "रेशनच्या रांगेचं मला सांगायला नको."

मला यातला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे वेढा. सरकार तारेचं कुंपण घालून मोहल्ल्याची रसद तोडतं, आणि बाहेरचे लंडनकर कुंपणावरून खाण्याच्या वस्तू आत फेकू लागतात. यात शब्दांचं काम नाही. दोघी तिथे हसल्या आणि मग गप्प झाल्या.

९ जून

वाचनाच्या वेगाची अडचण. माझं सॉफ्टवेअर सेकंदाला किती अक्षरं आली ते मोजून लाल खूण दाखवतं. पण ते मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजतं. "स्त्री" डोळ्याला एक अक्षर, त्याच्या लेखी सहा. त्यामुळे व्यवस्थित ओळी लाल दिसत होत्या आणि मी त्या छाटत बसलो. दोन सिनेमांची भाषा या छाटणीत कोरडी झाली. आता लाल खूण बघत नाही. आईला समोर बसवतो, ओळ मनात वाचायला सांगतो, वाचून झाली की ती मान हलवते. तिच्या मानेवर वेळ ठरतो.

१४ जून

'द टिटफिल्ड थंडरबोल्ट' (१९५३). गावची रेल्वे बंद होणार, गावकरी ती स्वतः चालवतात. संग्रहालयातलं म्हणून जे इंजिन बाहेर काढतात ते पडद्यावर खरंच १८३८ सालचं 'लायन' आहे. काम सरळ झालं, नोंदवण्यासारखं काही बिघडलं नाही. बाबा सहसा आमच्यात बसत नाहीत, इंजिनाच्या आवाजाने आले आणि शेवटपर्यंत थांबले.

२१ जून

'किचन स्टोरीज' (२००३), नॉर्वेचा बेंट हामर. माझा सर्वांत लाडका, आणि सर्वांत जास्त भीती याचीच होती.

१९५०चं दशक. गृहोपयोगी संशोधन करणारी एक स्वीडिश संस्था नॉर्वेतल्या एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या स्वयंपाकघरात निरीक्षक पाठवते. निरीक्षकाने कोपऱ्यात, टेनिसच्या पंचासारख्या उंच खुर्चीवर बसायचं, घरमालक ओट्यापासून टेबलापर्यंत कसा चालतो ते कागदावर रेषांनी काढायचं. बोलायला बंदी. म्हातारा इसाक आणि निरीक्षक फोल्के, दोघे दिवसेंदिवस एका खोलीत, एक अक्षर न बोलता. इसाक जाताना दिवा मालवतो आणि फोल्के खुर्चीवर अंधारात. मग कळतं की इसाकने छताला भोक पाडलंय आणि वरच्या मजल्यावरून तोच निरीक्षकाचं निरीक्षण करतोय.

अडचण एक: मूळ संवाद नॉर्वेजियन आणि स्वीडिश अशा दोन भाषांत. दोघांना एकमेकांचं कळतं, पण फरक ऐकू येतो, आणि त्यात शेजाऱ्यांमधला जुना खवचटपणा आहे. इंग्रजीत तो आधीच पुसला गेलाय. मी फोल्केला प्रमाण मराठी आणि इसाकला बोलीभाषा दिली. दोन दिवस लिहिलं, मग थांबलो. बोलीतला इसाक अडाणी वाटायला लागला. तो अडाणी नाही, तो फक्त एकटा राहिलेला आहे. सगळं काढून टाकलं. आता इसाकची वाक्यं तोडकी, फोल्केची थोडी लांब आणि सभ्य. तेवढाच फरक ठेवला.

अडचण दोन: शांतता. मिनिटामिनिटाच्या शांततेनंतर एक ओळ येते. मी सवयीने ओळी लवकर आणत होतो. 'द कॅसल'चा धडा इथे दुप्पट लागू पडला.

२८ जून, प्रयोग. सुरुवातीलाच संस्था अभिमानाने सांगते की गृहिणी वर्षभरात घरातल्या घरात स्वीडनपासून काँगोपर्यंतचं अंतर चालते, आणि नव्या ओट्यामुळे ते उत्तर इटलीपर्यंतच राहील. आई इतकी हसली की मला सिनेमा थांबवावा लागला. मग म्हणाली, "वन्सं, आपण कुठवर पोचलो असू हो?" आत्या म्हणाली, "वहिनी, तुम्ही परत येऊन पुन्हा निघालात." त्या दोघींना एकत्र असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात कुणी फारसं बोलत नाही, तर त्या कंटाळतील असं मला वाटलं होतं. आईने इसाक मीठ घेतो तेव्हा फोल्केचा हात कुठे आहे ते टिपलं, जे मी पाच वेळा पाहूनही टिपलं नव्हतं.

५ जुलै

'द बँड्स व्हिजिट' (२००७), एरान कोलिरिन. इजिप्तच्या पोलीस खात्याचा बँड इस्रायलमध्ये कार्यक्रमाला येतो आणि चुकीच्या गावी उतरतो. पेताह तिकवाला जायचं, पोचले बेत हातिकवाला. अरबीत "प" नाही, सगळा घोळ त्या एका अक्षराचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत बस नाही.

यजमान हिब्रू बोलतात, पाहुणे अरबी, आणि एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत. इंग्रजीचं प्रमाण इतकं की ऑस्करच्या परभाषा विभागातून सिनेमा बाद झाला होता. मी आधी ते मोडकं इंग्रजी छान, वाहत्या मराठीत केलं. पाहिल्यावर लक्षात आलं की बँडप्रमुख तौफिक आणि यजमान दिना यांच्यातली सगळी जवळीक त्या अडखळण्यात आहे. दोघांना मोजके शब्द येतात म्हणून दोघे खरंच बोलतात. मुद्दाम चुकीचं व्याकरण घातलं तर ते हास्यास्पद होणार. तोडगा: चार-पाच शब्दांची वाक्यं, साधी क्रियापदं, मध्ये थांबणं. चुका नाहीत. आणि शेवटपर्यंत "तुम्ही". दिनाने एकदा तरी "तू" म्हणावं असा मोह मला झाला होता, पण ते पटकथेच्या बाहेर जाणं झालं असतं.

स्केटिंगच्या हॉलमधला प्रसंग तर ओळींशिवायच चालतो. लाजाळू मुलाला शेजारच्या रडणाऱ्या मुलीशी कसं वागावं कळत नाही. पलीकडे बसलेला बँडवाला खालिद आधी त्याला रुमाल देतो, मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो. मुलगा तेच तसंच मुलीसाठी करतो. तिघं एका बाकावर, कॅमेरा हलत नाही.

१९ जुलै

शेवटचा, 'लोकल हीरो' (१९८३), बिल फोरसाइथ. तेलकंपनीचा माणूस मॅक ह्यूस्टनहून स्कॉटलंडचं किनाऱ्यावरचं गाव विकत घ्यायला येतो. गावकऱ्यांना विकायचंच आहे. भांडण कुणाचंच कुणाशी नाही.

ओळी वेळेत झाल्या, पण लावल्यावर घसरू लागल्या. सुरुवातीला जुळतात, शेवटाला चार-साडेचार मिनिटांचा फरक. सरकवून पाहिलं, मग सुरुवात बिघडली. तीन संध्याकाळी गेल्या. कारण असं: फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटी, माझी डिस्क २५ने धावणारी, त्यामुळे १११ मिनिटांचा सिनेमा साडेचार मिनिटं आधी संपतो. सगळ्या वेळा ०.९६ने गुणल्या आणि एका मिनिटात बसल्या. फरक हळूहळू वाढत असेल तर ओळी सरकवू नका, वेग तपासा.

मॅक आणि हॉटेलवाला गॉर्डन पूर्ण वेळ "तुम्ही"वर. एका रात्री प्यायलेला मॅक गॉर्डनला म्हणतो, आपण आयुष्यांची अदलाबदल करू, तुझी जागा मला दे. तिथे मी "तू" आणलं, फक्त तेवढ्या बोलण्यापुरतं. इंग्रजीत हे करताच येत नाही. सात सिनेमांत भाषेने माझ्या पदरात टाकलेली ही एकच जास्तीची गोष्ट.

दुसरीकडे मी एक ओळ बिघडवली होती. मॅक चारपाच पुरुषांजवळ उभा असतो, शेजारी बाबागाडीत बाळ. तो विचारतो, बाळ कुणाचं? सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणी काही बोलत नाही. मी हौसेने "(शांतता)" असं लिहिलं होतं. खोडलं.

२६ जुलै

प्रयोग. आज बाबाही पहिल्यापासून बसले. शेवटी मॅक ह्यूस्टनच्या आपल्या फ्लॅटमध्ये परततो, खिशातले शिंपले बाहेर काढून ठेवतो. मग दृश्य बदलतं: ते गाव, बंदर, तो लाल टेलिफोन बूथ, ज्यातून तो सिनेमाभर फोन करत आलेला. आणि फोन वाजायला लागतो. उचलायला कुणी नाही.

इथे माझी एक ओळ होती, "(फोन वाजतो)". काल रात्री काढून टाकली. पडदा काळा झाल्यावर आत्या काही वेळ तशीच बसून राहिली आणि मग आईला म्हणाली, "वहिनी, कुणीतरी उचलायला हवा होता."

आई म्हणाली, "उचलतील. पहाट आहे तिथे."